पेवातली वाफ

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर मी ‘पेव’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला, शेवटी व्ही घालून, आणि पडद्यावर विजेवर चालणाऱ्या मोटारींची रांग लागली. बॅटरी किती टिकते, चार्जिंग कुठे करावं, यावर जगभरच्या प्राध्यापकांनी लिहिलेले लेखच लेख. मग व्ही काढून डब्ल्यू घातला, तर चर्चमध्ये बसायचे लाकडी बाक आले. सांगलीची हळद आणि चर्चचे बाक यांचा काही संबंध लागतो का ते बघत मी बसले होते.

मी मुळात भित्री. वर्गात शंभर पोरांपुढे आवाज चढवीन, पण कॉम्प्युटरने ‘काही सापडले नाही’ म्हटलं की माझे हात गार पडतात. पाटणच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्याने घाबरायची सोय आहेच. पीएच.डी.चा विषय मी हौसेने घेतला होता: हळद साठवायची आमच्या भागातली जुनी पेवं. मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की जर्नलमधले संदर्भ आणा, नाहीतर समितीपुढे विषय टिकायचा नाही. आता आमच्याकडे जर्नल म्हणजे प्रात्यक्षिकाची वही. ती पूर्ण करायची, सरांची सही घ्यायची आणि सुटायचं. हे दुसरं, संशोधनाच्या लेखांचं जर्नल कुलपात असतं आणि त्याची किल्ली आपल्याच ग्रंथालयाकडे असते, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळत होतं.

ग्रंथपाल मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. बोलायला फटकळ. त्यांनी मागून येऊन पडद्यावरचे बाक पाहिले आणि विचारलं, की प्रार्थनेवर संशोधन चाललंय की काय. मी माझी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, “पेव हे नाव विसरा. ज्याला मराठीचा गंध नाही अशा माणसाला ती वस्तू काय आहे ते सांगा. लेख लिहिणारा तोच असतो.”

मी सांगितलं. नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेला खड्डा. तोंड लहान, एक माणूस जेमतेम आत जाईल एवढं. आत रांजणासारखा फुगत गेलेला. तळाला आणि कडेने उसाचा पाला, त्यात हळद, वर फरशी आणि चिखलाने लिंपलेलं तोंड. मॅडमनी त्यातले तीनच शब्द घेतले: जमिनीखालची, खड्ड्यातली, साठवण. त्यांचे इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांत घालून विद्यापीठाने दिलेल्या डेटाबेसमध्ये टाकले. आणि लेख आले. आफ्रिकेतले, अरबस्तानातले, कुठकुठले शेतकरी ज्वारी आणि गहू असेच पुरून ठेवत होते. एका लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी होती, तिच्यातून दुसरा लेख, त्यातून तिसरा. मॅडम म्हणाल्या, की असंच मागे मागे जायचं, पाहुण्यांच्या ओळखीतून स्थळं निघतात तसं. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी मी घरी जाताना सांगलीला दादाला फोन लावला.

दादा माझा थोरला भाऊ. सांगलीजवळ कृष्णेच्या काठाला आमचं थोडं रान आहे आणि त्या रानात आमचं एकुलतं एक पेव. पूर्वी त्या पट्ट्यात पेवंच पेवं होती. बाजारातले व्यापारी हळद आणून त्यांत ठेवायचे. मग शीतगृहं आली, वर महापुरांनी कितीतरी पेवं बुजवली. आमचं तेवढं राहिलं, तेही तोंड बंद करून. दादा ऊस करतो आणि जोडीला हळद दळून पाकिटं विकतो. माझं ऐकून त्याला स्फुरण चढलं. तो म्हणाला, की तो स्वतःच पेव पुन्हा चालू करायच्या विचारात होता. ‘पेवातली हळद’ असं पाकिटावर छापलं की गिऱ्हाईक तुटून पडेल. रविवारी तोंड उघडायचं, खाली उतरायचं, झाडून काढायचं आणि नवा पाला घालायचा.

मी विचारलं, वाफेचं काय?

“आगं, वाफ असती ती हळदीची,” दादा म्हणाला. “इतकी वर्सं आत हळदच न्हाई, तर वाफ कुठनं येणार?”

मलाही ते पटलं. आमच्या घरात ‘पेवाची वाफ’ हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकला असेन. वाफ लागते, वाफ जाऊ द्यावी, वाफ गेल्याशिवाय पाय घालू नये. कोंडलेल्या हळदीची ऊब, असंच मी समजत होते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की हात भाजतो, तशातलं काहीतरी. रिकाम्या पातेल्याला कसली आलीय वाफ. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट आठवली. घरातली माणसं हा शब्द नेहमी आवाज खाली करून उच्चारायची. उष्णतेला कुणी एवढं भीत नाही.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी थेट ग्रंथालयात गेले. खड्ड्यातली साठवण, आणि वाफ. खड्ड्यातली साठवण, आणि उष्णता. इंग्रजीत वाफेला जेवढे शब्द मला येत होते तेवढे सगळे घातले. धान्य तापतं, त्याला बुरशी येते, कोंब फुटतात, असं बरंच आलं. माणसाबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे दादाचंच बरोबर, असं म्हणून मी उठणार होते. तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. वाफ हे नाव राहू द्या, ती करते काय ते सांगा.

मी म्हटलं, “माणूस पडतो.”

“पडतो म्हणजे? चक्कर येते?”

“पडतो म्हणजे उठत नाही.”

हे मी स्वतःच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मॅडमनी खुर्ची ओढली आणि गुदमरण्याचा वैद्यकीय शब्द टाइप केला. त्याच्याशेजारी बंदिस्त जागा, आणि त्याच्याशेजारी कालचे आमचे तीन शब्द.

मग जे आलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. धान्याची कोठारं, जुन्या विहिरी, जहाजांचे तळ, मैल्याच्या टाक्या. लेखाच्या सुरुवातीला चार-सहा ओळींचा सारांश असतो, तेवढाच फुकट वाचता येतो. प्रत्येक सारांशात कुणीतरी खाली उतरलेलं होतं. त्यातल्या एकात माझ्या दादाचं पेव होतं. पेव हा शब्द अर्थातच नव्हता. बंद, ओलसर, रिकामी जागा. आत कुजणारा पाला किंवा गाळ. तो कुजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो आणि जड वायू तळाला साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरणाऱ्याला धोका कळायच्या आत त्याचे पाय जातात. हळद असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. आमचा पाला आत तसाच होता, आणि त्यावर पुराचं पाणीही झिरपलेलं असणार.

मी लेखाच्या नावावर पुन्हा पुन्हा क्लिक करत होते. मॅडमना ते दिसलं. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पूर्ण लेख उघडायचा प्रयत्न केला. कुलूप. आमच्या कॉलेजच्या वर्गणीत ते जर्नल बसत नव्हतं. त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला मेल टाकला, लेख तातडीने पाठवा म्हणून. मी म्हटलं, सारांशावरून कळलंच की. तर त्या मला म्हणाल्या, “सारांश घेऊन भावाशी भांडायला जाऊ नका. तो पहिलाच प्रश्न विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.” माझ्या दादाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, तरी बरोबर ओळखला होता.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन दादाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी वहिनीला लावला. वहिनी म्हणाली, की फोन चार्जिंगला घरात ठेवून ते रानात गेलेत, आन पेवावरची माती काढायला आजच सुरुवात केलीय. रविवारपर्यंत त्यांना दम निघंना. मी तिला म्हटलं, की काही झालं तरी त्याला खाली उतरू देऊ नको, माझी शपथ घाल. ती हळूच म्हणाली, “ताई, माझं ऐकत्यात व्हय ते?”

तिने शपथ घातली असावी, कारण संध्याकाळी दादाचाच फोन आला, हसत. मी जे वाचलं होतं ते धडाधडा सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की हे कुणी लिहिलंय, त्याने आपलं पेव बघितलंय का. मॅडमनी सांगितलेला तोच पहिला प्रश्न.

सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी मी दारात उभी होते. लेख आलेला होता. मॅडमनी त्याची प्रत काढून दिली, पानं अजून गरम होती. मी उभ्या उभ्या वाचत गेले. मधल्या एका परिच्छेदाशी आले आणि तोच पुन्हा पहिल्यापासून वाचला. अशा अपघातांत मरणारा माणूस बरेचदा एकटा नसतो, असं तिथे लिहिलं होतं. पहिला कोसळलेला पाहून त्याला काढायला जो उतरतो तो दुसरा जातो. हा दुसरा म्हणजे बहुतेक वेळा घरचा माणूस, भाऊ नाहीतर बाप. जो वर थांबून हाका मारत राहतो तो वाचतो, आणि पहिल्याला वाचवायची काही शक्यता असली तर तीही त्याच्यामुळेच असते.

आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, थोरला भाऊ पेवात गेला. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. दोघं भाऊ पेवं भरायचं-उपसायचं काम करायचे. थोरला उतरला, आबा वर दोर धरून होते. खालून आवाज येईना झाला. आबा उतरले नाहीत. माणसं जमेपर्यंत ओरडत राहिले. सगळ्यांनी मिळून थोरल्याला वर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. त्यानंतर आजी, म्हणजे दोघांची आई, जितकी वर्षं जगली तितकी वर्षं ती आबांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ‘घे’ म्हणायची नाही. गावातही कुणी चिडलं की आडून बोलायचं, की ह्या घरातली माणसं काठावर उभी राहण्यात हुशार. दादाच्या कानावर हे लहानपणापासून पडत आलेलं. खाली उतरायला मजूर मिळत होते की नाही कुणास ठाऊक, पण त्याला स्वतःलाच उतरायचं होतं. आता मला ते कळलं आणि माझी भीती दुप्पट झाली. हौसेखातर उतरणाऱ्याला अडवता येतं. दादा हौसेखातर उतरत नव्हता.

प्राचार्यांना निरोप ठेवून मी एसटी पकडली. पाटणहून कराड, कराडहून सांगली. ती कागदं मी पिशवीत ठेवली नाहीत, हातातच धरली. कराडला गाडी बदलताना वहिनीचा फोन आला. फरशी निघालीय, म्हणाली. मग रस्ताभर मी काहीही पाहिलं की त्याचा अर्थ वाईटच लागत होता. उसाच्या ट्रॅक्टरने गाडी अडवली तर वाटलं, आता उशीर झाला. फोन वाजला नाही तर वाटलं, सांगायला कुणी धजत नाहीये. शेजारच्या बाईने विचारलं, कुणाचं काय झालंय का. मी म्हटलं, अजून नाही.

सांगलीच्या स्टँडवरून रिक्षा करून मी रानात पोचले. दादा पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता, कमरेला दोर बांधलेला. जिवंत. मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. दोराचं दुसरं टोक जांभळीच्या खोडाला बांधलेलं होतं. आबा जरा लांब, बांधावर बसलेले. ते तिथे कधी आले होते आणि त्यांना कुणी बोलावलं होतं, कुणालाच माहीत नव्हतं. वहिनी म्हणाली, की त्या पेवाच्या बाजूला ते वर्षानुवर्षं फिरकले नव्हते.

दादाने मला बघितलं, पण नजर दिली नाही. त्याने दोरीला कंदील बांधून आत सोडलेला होता. “बघ,” तो म्हणाला, “जळतोय. जाणती माणसं असंच बघायची. दिवा जळला की वाफ न्हाई.”

मी वाकून पाहिलं. खाली, अंधारात, कंदील खरंच जळत होता. मी कागद उघडले आणि तिथेच, मातीच्या ढिगावर उभी राहून, इंग्रजीचं मराठी करत वाचायला लागले. जळणाऱ्या दिव्यावर विसंबू नये, हे त्यात होतं. दिवा एका उंचीवर असतो, वायू त्याच्याही खाली साचलेला असू शकतो. पाला हलला, गाळावर पाय पडला, की कोंडलेला वायू आणखी वर येतो. शब्द अडत होते, एका ठिकाणी तर मी चुकून वर्गातल्यासारखं “लक्षात आलं का” असंही म्हणाले. दादा ऐकत होता, पण नुसतं वडीलधाऱ्या माणसाने लहानाचं ऐकावं तसं. तो म्हणाला, कागद लिहिणारे कुठल्या तरी गोऱ्यांच्या देशात बसून लिहितात, आमच्या मातीचं त्यांना काय माहीत.

“त्या दिवशीबी दिवा जळत हुता,” आबा बांधावरून म्हणाले.

त्या दिवसाबद्दल आबांच्या तोंडून मी जन्मात एक शब्द ऐकला नव्हता, दादानेही नाही. आबा उठून पेवाजवळ आले. मला म्हणाले, पुढचं वाच. मी तो परिच्छेद वाचला. पहिला पडतो, त्याला काढायला जातो तो दुसरा, बहुतेकदा भाऊ नाहीतर बाप. जो वर थांबून हाका मारतो तो वाचतो. आबांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

दादाला ऐकवायला आणलेला कागद आबा ऐकत होते, आणि दादा आता कागदाकडे बघतच नव्हता, आबांकडे बघत होता. तरी त्याने दोर सोडला नाही. म्हणाला, मी पटकन उतरतो, पाला वर टाकतो आणि येतो.

आबा म्हणाले, “उतर. मी न्हाई म्हनत न्हाई. पर तुझा आवाज थांबला की मी उतरनार. एकदा वर थांबलो, ते पुरं झालं.”

ते रागाने बोलले नाहीत. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं बोलले, आणि पायातल्या चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. त्या क्षणाला मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कधी घाबरले नाही. माझ्या हातातल्या पानावर काढायला उतरणारा दुसरा माणूस होता, आणि तो माझ्यासमोर अनवाणी उभा होता. वहिनीने तोंडावर पदर दाबला होता.

दादाने आबांच्या चपलांकडे बघितलं. मग त्याने कमरेची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, त्याच्या हातांना ती लवकर सुटेना, म्हणून मी पुढे होऊन सोडवली. त्याचेही हात माझ्यासारखेच गार होते. कंदील वर ओढला. आम्ही दोघांनी मिळून फरशी पुन्हा तोंडावर सरकवली.

वहिनी चहा टाकायला घरी गेली. आबा त्या फरशीवरच बसले. त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतले, उलटसुलट केले, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे लिवनाऱ्याला माझं कुनी सांगितलं?”

मी म्हटलं, “आबा, तुमचं न्हाई. असं लय जनांचं झालंय. लय देशांत. वर थांबलेली पुष्कळ माणसं हायत ह्यात.”

आबांनी मान हलवली. मला वाटलं, आता त्यांना हलकं वाटत असेल.

“मंग त्यांच्याबी आया त्यांच्याशी बोलल्या नसतील,” ते म्हणाले.